निकम मॅडम आणि नाशिकचे पुतणे

निकम मॅडम हॉटेलात शिरल्या की त्या हॉटेलातले सगळे पुतणे मागच्या दाराने पसार व्हायचे. नाशिकच्या हॉटेलवाल्यांना देवाने बाकी काही दिलं असो-नसो, पुतणे आणि भाचे मात्र हात सैल सोडून दिले आहेत. मिसळीच्या टेबलावर फडकं मारतो तो पुतण्या, तर्री वाढतो तो भाचा, आणि मागे मोरीत पातेली घासतो तो मधल्या भावाचा धाकटा. या गोतावळ्याची मला इतकी माहिती असण्याचं कारण म्हणजे मी कामगार खात्यात क्लार्क आहे. बालकामगार शोधायला मॅडम निघाल्या की मी जीपच्या मागच्या सीटवर पंचनाम्याचे कागद मांडीवर घेऊन बसायचो.

विजया निकम, सरकारी कामगार अधिकारी. मूळ गाव कळवणकडचं. उंची बेताची, आवाज अजिबात बेताचा नाही. ऑफिसात त्या शुद्ध मराठी बोलायच्या, पण संताप चढला की जीभ आपोआप गावाकडे वळायची आणि समोरच्याला "माले माहीत शे!" असं ऐकावं लागायचं. हे शब्द आले की आमचा ड्रायव्हर गाडी सुरू करून ठेवायचा, कारण त्यानंतर एकतर केस व्हायची किंवा भांडण.

पुतण्यांचा सुकाळ होण्यात हॉटेलवाल्यांचा फारसा दोष नव्हता. वाट कायद्यानेच दाखवली होती. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायचं नाही, असं कायदा ठणकावून सांगतो. मग जरा घसा खाकरून पुढे म्हणतो की शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मुलाने घरच्या धंद्याला हातभार लावला, धंदा धोक्याचा नसला, तर हरकत नाही. आता घर म्हणजे कोण? आईबाप, भाऊबहीण, आणि त्यांच्या पाठोपाठ काका, मामा, आत्या, मावशी. "सरकारनं दार लावलं, गायधनी," मॅडम मला म्हणायच्या, "आणि खिडकीतून काका आत आला." गायधनी म्हणजे मी. हे वाक्य त्यांनी वरिष्ठांच्या बैठकीतही ऐकवलं होतं आणि त्या बैठकीचा चहा त्यांना मिळाला नव्हता.

या काकाला बाहेर काढायची त्यांची स्वतःची एक रीत होती. त्या मालकाला गल्ल्यापाशी ठेवायच्या, पोराला बाहेर जीपपाशी न्यायच्या, आणि दोघांना वेगवेगळा एकच प्रश्न विचारायच्या. मालकाला विचारायच्या, "तुमच्या आईचं नाव काय?" पोराला विचारायच्या, "तुझ्या आजीचं नाव काय?" काका खरा असेल तर त्याची आई ती पोराची आजी, नाव जुळायलाच हवं. खोट्या काकांची इथे जी तारांबळ उडायची ती पाहण्यासारखी असे. एका मालकाने घाबरून स्वतःच्या आईचं नाव "आठवून सांगतो" म्हटलं होतं. एका पोराने सरळ सांगितलं, "मावशी, माझी आजी बिहारला हाय, यांची इथं पंचवटीत हाय." मॅडमनी त्याला पर्समधली चिक्की दिली. पर्समध्ये चिक्की कायम असायची. सोडवलेलं पोर रडतं आणि रडणाऱ्या पोराला कायदा समजावता येत नाही, असं त्यांचं मत होतं.

ही रीत एकदाच फसली, पण अशी फसली की खात्यात अजून तो किस्सा चालतो. दिंडोरी रोडला एका मिसळवाल्याकडे आम्ही गेलो. मालक म्हणाला, "पुतण्या हाय मॅडम, सख्खा." आईचं नाव विचारलं तर म्हणाला, "पार्वतीबाई." बाहेर पोरगा म्हणाला, "सखू." मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी मला "लिहा" म्हटलं, मी पेनाचं टोपण काढलं, आणि तेवढ्यात आतून कोपरापर्यंत बेसनाने माखलेली एक म्हातारी तरातरा बाहेर आली.

"काय लिव्हता वं? सखू बी मीच आन् पार्वती बी मीच! लग्नात नाव बदाललं माझं. पर सासर पडलं दोन गल्ल्या सोडून. गावानं नवं नाव घेतलंच नाय. येईल तो सखूच म्हनतो."

मालकाने सरकारी माणूस समोर बघून आईचं सरकारी नाव सांगितलं होतं, पोराने गावात ऐकलेलं सांगितलं होतं. मॅडमनी शेवटचा बाण सोडला, "मग हा शाळेत का नाही?" म्हातारी म्हणाली, "मे महिन्यात कुठली शाळा भरती, बाई?" सख्खा पुतण्या, घरचा धंदा, शाळेला सुट्टी. कायद्याच्या सगळ्या अटींत बसणारा असा पुतण्या आम्हाला त्याआधी कधी भेटला नव्हता. मॅडमनी मुकाट्याने बाकावर बसून मिसळ मागवली, पैसे दिले, आणि जीपमध्ये पोटभर हसल्या. त्यानंतर त्या आजीचं माहेरचं नावही विचारू लागल्या.

"कितवीत?" हा त्यांचा दुसरा प्रश्न. दिसेल त्या पोराला त्या हा प्रश्न करायच्या, मग ते पोर गॅरेजमध्ये पाना धरून असो की बागेत आईबरोबर घसरगुंडीवर. बागेतल्या आया त्यांच्याकडे विचित्र नजरेने बघायच्या. एकदा एका पोलीस चौकीत बुटक्या, कोवळ्या चेहऱ्याच्या शिपायाने आमच्यासाठी पाणी आणलं. मॅडमनी सवयीने विचारलं, "कितवीत रे?" तो लाजून म्हणाला, "बी. ए. झालोय, मॅडम." पुढे कधीही आम्ही त्या चौकीत गेलो की तो पाणी दुसऱ्याच्या हाती पाठवायचा.

लग्नाला त्यांना बोलवावं की नाही, यावर आमच्या ऑफिसात दोन तट होते, आणि त्याला कारण आमच्या साहेबांच्या पुतण्याचं लग्न. हा पुतण्या खरा होता, घोड्यावर बसला होता. संध्याकाळची वरात, पुढे बँड, दोन्ही बाजूंनी डोक्यावर दिव्यांची झाडं घेतलेली माणसं, त्यांच्या वायरी एकमेकांना जोडलेल्या, आणि सगळ्यात मागे ढकलगाडीवर धडधडणारा जनरेटर. वायरी जोडलेल्या असल्याने एक दिवा थांबला की सगळी रांग थांबते. मॅडम बायकांच्या घोळक्यात, भरजरी साडीत, अबोलीचा गजरा माळून चालल्या होत्या. त्यांची नजर दिव्यांच्या खाली गेली आणि तिथे मान ताठ धरून चालणारी दोन पोरं दिसली.

"कितवीत?"

वरात थांबली. बँडवाल्यांना काही कळेना म्हणून ते वाजवत राहिले. दिवेवाला ठेकेदार म्हणाला, "भाचे आहेत माझे." बस्स, मॅडमना एवढंच पाहिजे होतं. आजीच्या नावावर ठेकेदार आडवा झाला. दोन दिवे खाली उतरले, पण आता ते उचलायचे कुणी? बाकीच्या दिवेवाल्यांच्या डोक्यावर आधीच एकेक झाड होतं, वऱ्हाडी मंडळी एकमेकांच्या फेट्याकडे बघू लागली. शेवटी मॅडम साहेबांकडे वळून म्हणाल्या, "सर, नवरदेवाचे दोन मामा मोकळेच आहेत. दोघंही चौदाच्या वरचे दिसतात." आणि खरोखर, सफारी घातलेले ते दोन मामा डोक्यावर दिव्यांची झाडं घेऊन कार्यालयापर्यंत चालत गेले. त्या दोन पोरांना मॅडमनी पहिल्या पंगतीला बसवून स्वतः जिलबी वाढली. मुहूर्त टळला तो टळलाच. साहेबांच्या वहिनी मॅडमशी त्यानंतर कधी बोलल्या नाहीत, पण लग्न मजेत टिकलं आहे.

हॉटेलवाल्यांच्या मेळाव्यात खात्यातर्फे भाषण करायला त्यांना पाठवायचे तेव्हा मी आवर्जून जायचो. विषय "बालकामगार कायदा : एक दृष्टिक्षेप" असा झोप आणणारा असायचा. मॅडम सुरुवात थेट विलायतेपासून करायच्या. तिकडे कापसाच्या गिरण्या निघाल्या तेव्हा चालत्या यंत्राखाली सरकून तुटलेला धागा जोडायला लहान अंग लागायचं, म्हणून पोरं ठेवली. कोळशाच्या खाणीत ठेवली, धुराड्यांत उतरवली. लोक बोंबलू लागले तेव्हा गिरणीवाले काय म्हणाले? "ते म्हणाले, पोरं रिकामी राहिली की बिघडतात. कामानं वळण लागतं. आईबापाला हातभार होतो. आता सांगा, मागच्या रांगेतल्या काकांनी मला गेल्या आठवड्यात वेगळं काय सांगितलं? एवढ्या वर्षांत निदान सबब तरी नवी काढायची होती!" मागची रांग खाली बघायची.

मग त्या मुंबईवर यायच्या. आपल्याकडे पहिला कारखाना कायदा झाला त्यात सात वर्षांखालच्या मुलाला गिरणीत बंदी होती. सात! म्हणजे सात पुरी झालेला चालत होता. आणि तो कायदा व्हावा म्हणून जोर कुणी लावला? दयाळू माणसं होतीच, पण त्यांच्या मागे विलायतेतले गिरणीवालेही होते, कारण मुंबईचं कापड स्वस्त पडू लागलं होतं. "त्यांना मुंबईच्या पोरांचा पुळका आला तो पोटदुखीनं आला," मॅडम सांगायच्या. "येऊ दे की. कायदा चांगला असला म्हणजे झालं, करणाऱ्याचं मन बघत बसलं तर एक कायदा व्हायचा नाही." टाळ्या पडायच्या. बाहेर चहा द्यायला मात्र त्या दिवशी मालक स्वतः उभे असायचे.

हे सगळं वाचून मॅडम म्हणजे नुसती धमाल होती असं वाटेल. तसं नव्हतं. नाशिक रोडला एका चहाच्या टपरीवरून त्यांनी एका पोराला सोडवलं होतं. केस झाली, मालकाला शिक्षा लागली, पोराला त्याच्या घरी पोचवलं, फाईल बंद. पुढे आम्ही कामानिमित्त मनमाडला उतरलो तर तेच पोर फलाटावर पाण्याच्या बाटल्यांची बादली घेऊन गाडीमागे धावत होतं. त्याने मॅडमना ओळखलं आणि बादली टाकून पळालं. परतीच्या गाडीत मॅडम खिडकीकडे तोंड करून बसल्या. नाशिक यायच्या जरा आधी म्हणाल्या, "गायधनी, आपण पोरं सोडवत नाही हो. आपण फक्त जागा बदलून देतो." त्या दिवसापासून सोडवलेल्या पोराच्या शाळेत त्या अधूनमधून स्वतः जाऊन बघायला लागल्या. हे काम खात्याचं नव्हतं, म्हणून ते स्वतःची रजा टाकून आणि एस. टी.ने.

आता स्नेहलचं सांगतो.

स्नेहल ही मॅडमची एकुलती एक मुलगी. नवरा अकाली गेला, मॅडमनी नोकरी करून हिला वाढवलं. विमा कंपनीत चांगल्या जागेवर आहे, पाथर्डी फाट्याला फ्लॅट आहे, जावई सज्जन आहे. मॅडम निवृत्त झाल्या त्याच सुमारास नातू झाला, ओम. त्याच्या पहिल्या वाढदिवसाला मी सहकुटुंब गेलो होतो. बोलावणं संध्याकाळी सहाचं होतं. मॅडमनी मला आणि माझ्या बायकोला वाटेत रिक्षात घेतलं आणि बऱ्याच आधी नेऊन पोचवलं, कारण कुठेही सांगितल्या वेळेच्या आधी जाऊन धडकायची त्यांना धाडींमुळे सवय लागली होती. एरवी त्या येणार म्हटल्यावर स्नेहल जी तयारी करून ठेवायची, ती त्या दिवशी राहून गेली.

स्वयंपाकघरात एक मुलगी पुऱ्या लाटत होती. एका कडेवर ओम, दुसऱ्या हातात लाटणं. बाळ तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होतं, आणि ती त्याला "आरं थांब, पुरी वाकडी व्हईल" असं दटावत होती.

मॅडम चपलांसकट दारात उभ्या राहिल्या. "नाव काय गं तुझं?"

"हिरा."

"कितवीत?"

"पाचवी झाली. आता नाय जात."

"का?"

"बाळ हाय ना," हिरा म्हणाली. आपल्याला नोकरी आहे हे मोठी माणसं ज्या ऐटीत सांगतात, त्याच ऐटीत.

पेठकडच्या डोंगरातली मुलगी. आईबाप हंगामात दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला येतात, बाग जावयाच्या मित्राची, त्याच्या ओळखीने ही इथे आली. मॅडम घरी यायच्या असल्या की हिची रवानगी वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे व्हायची.

स्नेहल धावत आली. "आई, कामवाली नाहीये ती. ओमला खेळवते फक्त. आणि तिकडं तिला पोटभर मिळत नाही गं. इथं आपल्या घरच्यासारखी राहते."

"घरच्यासारखी? छान," मॅडम म्हणाल्या. "हिचा वाढदिवस कधी असतो?"

उत्तर हिरानेच दिलं, "आमच्यात नाय करत."

आता घर डोक्यावर घेतील असं मला वाटलं. पण त्यांनी चपला काढल्या, हिराच्या हातातलं लाटणं घेतलं, उरलेल्या पुऱ्या स्वतः लाटल्या. पाहुणे आले, फुगे फुटले, केक कापला, मॅडमनी सगळ्यांत मोठ्या आवाजात गाणं म्हटलं. हिराला शेजारी बसवून ताट वाढून दिलं. मग पदर सावरून मला म्हणाल्या, "गायधनी, चला. माझ्याबरोबर यायचंय."

पोलीस ठाण्यावर घ्यायला सांगून त्या रिक्षात रडल्या. तोंडाला रुमाल न लावता, रिक्षावाल्याची पर्वा न करता रडल्या. मला त्यांचा राग आला होता. मी म्हटलं, "मॅडम, केस कशाला? मुलीला समजवा. हिराला उद्या आपण दोघं जाऊन घरी सोडू."

"त्या नाशिक रोडच्या चहावाल्याची आई आली होती ऑफिसात, आठवते? पाया पडत होती. तुम्ही तिला काय म्हणालात?"

"कायदा सगळ्यांना सारखा, असं."

"मीच शिकवलं होतं तुम्हाला ते," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले.

ठाण्यातल्या फौजदाराने कागद पुढे ओढला. "तक्रार कुणाविरुद्ध?"

"स्नेहल बोरसे."

"तुमची त्यांची ओळख?"

"नऊ महिने पोटात होती."

फौजदाराने पेन खाली ठेवलं. त्याने पाणी मागवलं, मला डोळ्यांनी विचारलं की बाई ठिकाणावर आहेत ना. मी मान हलवली. मग सगळं रीतसर झालं. हिराला ताब्यात घेतलं, बालगृहात पाठवलं, स्नेहल आणि जावई ठाण्यात आले. स्नेहल आईकडे बघतही नव्हती. जामिनाचा विषय निघाला तेव्हा कोपऱ्यातल्या बाकावरून मॅडम उठल्या. "मी राहते जामीन."

"अहो, फिर्याद तुमचीच आहे!"

"मग? फिर्यादीनं जामीन राहू नये असं कुठं लिहिलंय? दाखवा मला."

ठाण्यात कुणालाच दाखवता आलं नाही. त्याच टेबलावर, फौजदाराच्याच पेनने त्यांनी सही केली. आमच्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी याच्यावर पैजा लागल्या. आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, मॅडम तक्रार मागे घेणार, असं अर्धं ऑफिस म्हणत होतं. ते पैज हरलं. पुढे पहिलाच गुन्हा म्हणून दंडावर भागलं, पण तक्रार शेवटपर्यंत तशीच उभी होती.

ऑफिसात पैजा चालल्या होत्या त्याच सकाळी मॅडम मुलीच्या दारात हजर झाल्या. पदर खोचलेला. दार जावयाने उघडलं. "हिरा गेली, आता बाळ कोण बघणार? मी आलेय कामाला," त्या म्हणाल्या. आत गेल्या आणि भांड्यांना लागल्या. पण लागल्या त्या कायद्याने. कामाचे तास, जेवणानंतरची विश्रांती, गुरुवारची साप्ताहिक सुट्टी, हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून त्यांनी फ्रिजवर चिकटवलं. दुपारी विश्रांतीच्या वेळेत ओम कितीही ओरडला तरी त्या त्याला आईच्या मांडीत नेऊन ठेवायच्या आणि पाय पसरून बसायच्या. हे मला जावयाने सांगितलं. बिचारा ऑफिसातून घरी यायला घाबरत होता.

स्नेहल आईशी बोलत नव्हती. जे काही असेल ते ओममार्फत चालायचं.

"ओम, आजीला सांग, कपाला डाग राहिलाय."

"ओम, आईला सांग, हिरानं घासला असता तर डाग दिसलाच नसता."

ओम दोघींकडे बघून टाळ्या वाजवायचा. पहिला गुरुवार आला. मॅडम घरी पेपर वाचत बसल्या. स्नेहलला रजा घ्यावी लागली, दूध उतू गेलं, बाळाने भाताचं भांडं फरशीवर पालथं केलं, आणि दुपारी मॅडमचा फोन वाजला.

"आई, तू बाई आहेस की खातं?"

"खातं गुरुवारी बंद असतं," मॅडम म्हणाल्या.

पलीकडून आवाज आला तो हसण्याचा होता की रडण्याचा, हे मॅडमना नक्की सांगता आलं नाही. पण त्या सुट्टी मोडून गेल्या. पुढच्या आठवड्यात ओमसाठी एक चांगलं पाळणाघर सापडलं. ते आधीही घरामागच्या गल्लीतच होतं.

हिराचं मात्र इतक्यात भागलं नाही. मॅडम तिला बालगृहात भेटायला गेल्या तर ती भिंतीकडे तोंड करून बसली. एकच वाक्य बोलली, "ओम जेवतो का?" स्नेहलच्या अबोल्याने मॅडम जितक्या खचल्या नव्हत्या तितक्या या प्रश्नाने खचल्या. वर्षभर त्या पोरीने बाळाला भरवलं होतं, झोपवलं होतं. बाळाचा लळा तिचा खरा होता, आणि तो तोडणारी बाई समोर चिक्की घेऊन उभी होती. चिक्की तिने घेतली नाही.

जूनमध्ये मॅडम हिराला आणि तिच्या आईबापाला घेऊन पेठच्या पुढच्या एका आश्रमशाळेत गेल्या. नाव घातलं, वह्या, चादर, पेटी, सगळं बघितलं. निघताना फाटकाशी हिरा म्हणाली, "तुमी लय वाईट हाय."

"हाय," मॅडम म्हणाल्या. "धर राग. पण सहावीत बसून धर."

मग दर महिन्याला एकदा मॅडम त्या शाळेत जायच्या. हिरा बाहेर यायची नाही. कुणीतरी पोरगी निरोप आणायची, "ती नाय येत म्हन्ते." मॅडम ओट्यावर बसून आपली भाकरी खायच्या, मास्तरांना विचारून हिरा आहे ना एवढी खात्री करायच्या आणि परतीची गाडी पकडायच्या. त्यांना एकच धास्ती होती, दिवाळीची. दिवाळीच्या सुट्टीत पोरं घरी जातात, तिथून आईबापाबरोबर द्राक्षबागेत जातात, आणि पुष्कळांची पेटी शाळेत तशीच पडून राहते. हिरा दिवाळीनंतर परत आली तर ती शाळेची, नाही आली तर मनमाडच्या फलाटावरची गोष्ट पुन्हा. मॅडमना याचं इतकं लागून राहिलं होतं की नातवाच्या दिवाळीत त्यांचं लक्ष नव्हतं.

सुट्टी संपल्यावर आम्ही दोघं गेलो. त्यांचे गुडघे फार दुखत होते, म्हणून मी रजा टाकली. पुढे त्याच थंडीत मॅडम हार्टॲटॅकने गेल्या. त्यांच्याबरोबरची माझी ही शेवटची फेरी. शाळेच्या आवारात शिरलो तर मास्तर दिसेनात. तीन-चार पोरी हौदावर ताटं धूत होत्या. मॅडमनी त्यांतल्या एकीला जवळ बोलावलं. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"हिरा भोये... आली का गं?"

पोरीने ताट ठेवलं, फ्रॉकला हात पुसले आणि आत पळाली. मॅडम ओट्याच्या खांबाला धरून उभ्या होत्या. मी बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. बऱ्याच वेळाने पोरगी परत आली आणि पाठ केल्यासारखं एका दमात म्हणाली, "हिरा म्हन्ते, गनिताचा तास चालू हाय. आत्ता नाय जमायचं. बसा, नायतर जा."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "ऐकलंत, गायधनी? तास आहे म्हणे!"

"हो ना. थांबू या की. तास संपला म्हणजे येईल ती. या खेपेला येईल."

"छे! मास्तरनं आपल्याला बघितलं तर वर्ग सोडेल ना तो," त्या म्हणाल्या आणि चपला पायात अडकवून, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी जवळजवळ पळतच फाट्याकडे निघाल्या.